अंधेरीचा अंतिम सामना : मुंबई उपनगरातील फुटबॉल आणि त्याचा प्रेक्षक

क्रीडास्पर्धांच्या इतिहासात अंतिम सामन्यास जे स्थान मिळते ते बहुधा त्याच्या निकालामुळे मिळते. विजयी संघ कोणता, गोल किती झाले आणि चषक कोणाच्या हाती गेला एवढे नोंदवून वृत्तान्तकार थांबतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यही असते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. सामना ज्या मैदानावर खेळला गेला ते मैदान नेमके तेथेच का होते, तो पाहावयास जमलेला समुदाय कोठून आला, आणि आठवड्यापूर्वी जो आला नव्हता तो त्या दिवशी का आला, हे प्रश्न त्याला निकालाइतकेच, किंबहुना निकालाहूनही अधिक महत्त्वाचे वाटतात. मुंबईच्या उपनगरात २०१८ साली झालेला एक अंतिम सामना या प्रश्नांच्या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.

१० जून २०१८ रोजी, रविवारी रात्री आठ वाजता, अंधेरी पश्चिम येथील वीरा देसाई मार्गावरच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात भारत आणि केनिया या दोन देशांच्या फुटबॉल संघांमध्ये आंतरखंडीय चषकाचा, म्हणजेच इंटरकॉन्टिनेन्टल कपचा, अंतिम सामना झाला. भारताने तो २–० असा जिंकला. दोन्ही गोल कर्णधार सुनील छेत्री याचे होते. स्पर्धा चार संघांची व निमंत्रितांची होती. तिच्या विजेत्यास कोणत्याही मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळणार नव्हता. शिवाय चारच दिवसांनी, १४ जूनला, रशियात विश्वचषक स्पर्धेला आरंभ होणार होता व साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले होते. अशा स्थितीत हा सामना लहान ठरविला जाणे साहजिक होते. तथापि मुंबईच्या फुटबॉलचा पूर्वेतिहास समोर ठेवला म्हणजे त्याचे मोल निराळे दिसू लागते.

१. कूपरेजचा वारसा

मुंबई शहरातील फुटबॉलचे केंद्र दीर्घकाळपर्यंत दक्षिण टोकाला होते. कूपरेजचे मैदान हे त्याचे नाव. पिंपे तयार करणाऱ्या कारागिरांच्या जुन्या वास्तूवरून हे नाव त्या भागास पडले. पुढे ते नाव उच्चारताच मुंबईकराच्या मनात फुटबॉलच येऊ लागला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील अतिशय जुन्या स्पर्धांपैकी एक. आरंभीची अनेक वर्षे ती इंग्रज पलटणींच्या संघांचीच राहिली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा प्रथमच एका भारतीय संघाचे नाव या चषकावर कोरले गेले. १९०२ पासून हारवूड लीगही खेळली जाऊ लागली होती. पावसाळ्यात क्रिकेटची मैदाने ओस पडत, आणि चिखलात खेळता येणारा फुटबॉल हा त्या चार महिन्यांचा खेळ ठरला. मुंबईचा फुटबॉल आणि मुंबईचा पाऊस यांचा संबंध असा फार जुना आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कूपरेजने जे पाहिले ते आजही स्पृहणीय वाटावे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा तर मुंबईच्याच मैदानांवर नावारूपास आलेला खेळाडू. मुंबईच्या प्रेक्षकाला उत्तम फुटबॉल ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. तो त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

याच काळात, १९५५ मध्ये, भारताच्या दौऱ्यावर आलेल्या सोव्हिएत संघाशी कूपरेजवर भारतीय संघाचा सामना झाला. त्यानंतर मात्र मुंबईत राष्ट्रीय संघाचा सामना होण्यास ६१ वर्षे लागली. या दीर्घ खंडाकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. १९८२ मध्ये नेहरू चषक या आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेला कलकत्त्यास प्रारंभ झाला. पुढे ती कोचीन, त्रिवेंद्रम, कालिकत, सिलिगुडी, मडगाव, मद्रास आणि अखेरीस दिल्ली अशी फिरत राहिली. तिच्या यजमान शहरांत मुंबईचे नाव आढळत नाही. खुद्द रोव्हर्स चषकही २०००–०१ च्या स्पर्धेनंतर बंद पडला. गिरण्या, कंपन्या, बँका व बंदर यांनी पोसलेले संघ एकामागून एक विसर्जित होत गेले. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघदेखील २०१० मध्ये बंद झाला. आश्रयदाते गेले आणि त्यांच्यामागे सवयही गेली. शनिवारी कामावरून सुटून कूपरेजला जाणारा जो प्रेक्षक होता, त्याची पुढची पिढी त्याच वाटेने गेली नाही.

२. साष्टीतील नवे मैदान

ही पुढची पिढी कोठे गेली, या प्रश्नाचे एक साधे उत्तर असे की ती उत्तरेकडे राहावयास गेली. साष्टी बेटावरची गावे १९५० मध्ये व त्यानंतर १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या सीमेत आली. पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंड येथवर नगराची हद्द पोहोचली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे प्रथम रेल्वे स्थानकांची, मग वसाहतींची आणि अखेरीस स्वतंत्र शहरांएवढ्या वस्त्यांची झाली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा करण्यात आला, तेव्हा लोकसंख्येचा भार शहराकडून उपनगरांकडे केव्हाच सरकला होता. मुंबईची करमणुकीची व क्रीडेची प्रतिष्ठित स्थाने मात्र बराच काळ दक्षिणेतच राहिली. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या रहिवाशाने सामना पाहावयाचा तर त्याने दिवसभराच्या प्रवासात आणखी एका प्रवासाची भर घालावी, अशी ती व्यवस्था होती.

अंधेरीचे क्रीडा संकुल ही या व्यवस्थेला पडलेली पहिली मोठी छेद होय. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पित्याचे नाव धारण करणारे हे संकुल १९८० नंतरच्या दशकात उभे राहिले. त्याची देखरेख बृहन्मुंबई महानगरपालिकेशी संलग्न अशा क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानाकडे आली. तरणतलाव, व्यायामशाळा आणि मोकळे मैदान यांचा उपयोग आसपासचे रहिवासी करीत. मोठ्या मैदानावर खेळांपेक्षा चित्रपटसृष्टीचे सोहळे व गाण्यांचे जलसे अधिक होत. अंधेरी पश्चिम ही चित्रपट व्यवसायाची वस्ती असल्याने ते स्वाभाविकही होते. २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी हा संघ नवी मुंबईतील नेरूळचे मैदान सोडून येथे आला, तेव्हा या प्रेक्षागाराला ‘मुंबई फुटबॉल अरेना’ असे नाव मिळाले आणि ते खऱ्या अर्थाने फुटबॉलचे मैदान झाले.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. तिचे आझादनगर हे स्थानक या संकुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईचे लोहमार्ग उत्तर–दक्षिण धावणारे. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारा असा जलद मार्ग पूर्वी नव्हता. मेट्रोमुळे घाटकोपरचा व त्यापलीकडचा मुलुंड–भांडुपचा माणूस दादरला वळसा न घालता अंधेरीस पोहोचू लागला. रात्री आठला सुरू होणारा सामना संपवून त्याच रात्री घरी परतता येणे, हा प्रेक्षकाच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे. मैदान आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर असे प्रथमच कमी झाले.

३. पूर्वतयारी

३ सप्टेंबर २०१६ रोजी भारत आणि पोर्टो रिको यांच्यात अंधेरीस सामना झाला आणि १९५५ पासूनचा खंड संपला. पाहुण्या संघाने पेनल्टीवर पहिला गोल केला. परंतु नंतर भारताने चार गोल करून सामना ४–१ असा जिंकला. २०१७ च्या जूनमध्ये येथेच नेपाळवर २–० असा विजय मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉरिशस आणि सेंट किट्स व नेव्हिस यांच्यासह तीन देशांची मालिका येथे झाली व ती भारताने जिंकली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. तिचे काही सामने, त्यांत स्पेन व माली यांच्यातील उपान्त्य सामनाही, नवी मुंबईस झाले. त्या स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

या घटनांवरून असे वाटणे शक्य आहे की २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत उपनगरात राष्ट्रीय संघासाठी प्रेक्षक तयार झाला होता. वस्तुस्थिती तशी नव्हती, हे लवकरच दिसून आले.

४. दहा दिवसांची स्पर्धा

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ही स्पर्धा योजिली ती २०१९ च्या जानेवारीत संयुक्त अरब अमिरातीत होणाऱ्या आशिया चषकाच्या तयारीसाठी. निमंत्रित संघ तीन होते : आफ्रिकेतून केनिया, ओशिआनियातून न्यूझीलंड आणि आशियातून चिनी तैपेई. तीन खंडीय संघटनांचे प्रतिनिधी असल्याने स्पर्धेस आंतरखंडीय हे नाव मिळाले. प्रत्येक संघाने इतर तिघांशी एकेक सामना खेळावा आणि पहिल्या दोन संघांत अंतिम सामना व्हावा, अशी रचना होती. पाहुण्या संघांनी आपले सर्व प्रमुख खेळाडू आणले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. न्यूझीलंडचा संघ बराचसा तरुण होता आणि युरोपातील क्लबांत खेळणारे केनियाचे काही नामवंत खेळाडू आले नव्हते.

१ जूनला, शुक्रवारी, भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला. छेत्रीने तीन, उदांता सिंग व प्रणय हलदर यांनी प्रत्येकी एक गोल केला. एवढा मोठा विजय, पण तो पाहावयास प्रेक्षागारात उपस्थित होते ते अवघे २,५६९ लोक. एक कोटीहून अधिक वस्तीच्या महानगरात, जेथे इंग्लंड–स्पेनमधील क्लबांच्या सामन्यांसाठी तरुण मंडळी मध्यरात्र जागवितात, तेथे देशाच्या संघास एवढेच प्रेक्षक लाभावेत ही गोष्ट खेळाडूंना लागली असल्यास नवल नाही.

दुसऱ्या दिवशी, २ जूनला, छेत्रीने एक ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. तीत आर्जव होते, परंतु आर्जवातही अभिमान सोडलेला नव्हता. ज्यांना भारतीय फुटबॉलविषयी आशा नाही, त्यांनाच त्याने प्रामुख्याने उद्देशिले होते. युरोपातील क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना त्याने मान्य करून टाकले की आपला दर्जा त्यांच्या जवळपासचा नाही. टीका करा, रागवा, हवे तर शिव्याही द्या, पण ते सारे मैदानावर येऊन करा, असा त्याच्या विनंतीचा आशय होता. क्रिकेटपटू विराट कोहली व सचिन तेंडुलकर यांनी या विनंतीस जाहीर दुजोरा दिला. संघाचा कर्णधार प्रेक्षकांपुढे हात जोडून उभा राहतो, असा प्रसंग भारतीय क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

४ जूनला केनियाविरुद्धचा सामना होता. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. भाइचुंग भुतियानंतर हा टप्पा गाठणारा तो दुसरा भारतीय. सामन्यापूर्वी त्याचा सत्कार झाला तेव्हा भुतिया आणि आय. एम. विजयन हे दोघेही माजी कर्णधार मैदानावर होते. सर्व तिकिटे आधीच संपली होती. आणि त्याच संध्याकाळी पावसाने मुंबईस गाठले. मैदान जड झाले, चेंडू पाण्यात अडू लागला, पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. तरी प्रेक्षक हलले नाहीत. उत्तरार्धात ६८ व्या मिनिटास छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, ७१ व्या मिनिटास जेजे लालपेखलुआने दुसरा, आणि अखेरच्या जादा वेळात पुन्हा छेत्रीने तिसरा. कूपरेजच्या जुन्या पावसाळी फुटबॉलची आठवण व्हावी असाच तो सामना होता. फरक एवढाच की आता ते पाणी अंधेरीच्या मैदानावर साचले होते.

७ जूनला न्यूझीलंडने भारतास २–१ असे हरविले. छेत्रीने ४७ व्या मिनिटास आघाडी मिळवून दिली होती, पण दोनच मिनिटांत बरोबरी झाली आणि सामना संपण्यास चार मिनिटे उरली असता मोझेस डायरने निर्णायक गोल केला. ८ जूनला केनियाने चिनी तैपेईवर ४–० असा विजय मिळविला, तेव्हा गुणतक्ता विलक्षण झाला : भारत, केनिया आणि न्यूझीलंड या तिघांचेही सहा गुण. गोलांतील फरक मात्र भारताचा सात, केनियाचा दोन आणि न्यूझीलंडचा एक. न्यूझीलंडने भारतास हरवूनही त्यास अंतिम सामन्यास मुकावे लागले. पहिल्या दिवशी अडीच हजार लोकांसमोर झालेल्या पाच गोलांचे मोल अशा रीतीने नऊ दिवसांनी वसूल झाले.

५. अंतिम सामना

अंतिम सामन्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिचा निर्णय अर्ध्या तासातच लागला. आठव्या मिनिटास अनिरुद्ध थापाने फ्री किक घेतली. चेंडू उंच न मारता त्याने तो जमिनीलगत गोलसमोरच्या मोकळ्या जागेत दिला. तेथे धावत आलेल्या छेत्रीवर कोणाचेही लक्ष नव्हते आणि त्याने केनियाचा गोलरक्षक पॅट्रिक मटासी यास संधी दिली नाही. सरावात घोटून घेतलेली ही चाल होती, हे उघड दिसत होते. २९ व्या मिनिटास बचावपटू अनस एडाथोडिका याने मागून लांब चेंडू टाकला. छेत्रीने तो छातीवर घेतला, पुढे येऊ दिला आणि डाव्या पायाने गोलात धाडला. दोन गोल, दोन निरनिराळ्या जाती : पहिला संघाच्या आखणीचा, दुसरा एका माणसाच्या कौशल्याचा.

उत्तरार्धात केनियाने उंची आणि बळ यांच्या जोरावर बराच दाब आणला. संदेश झिंगन व अनस यांनी मध्यभाग रोखून धरला आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने उरलेले काम केले. भारताने गोल होऊ दिला नाही. स्पर्धेत भारताचे एकूण ११ गोल झाले, त्यांतील आठ एकट्या छेत्रीचे. त्याच्या आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या ६४ झाली, आणि त्या दिवसापुरता तो आर्जेन्टिनाच्या लिओनेल मेस्सीच्या बरोबरीस आला. त्या वेळी खेळत असलेल्यांत या दोघांच्या पुढे केवळ पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो होता. ही तुलना आकड्यांपुरतीच घ्यावयाची, कारण प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा एकसारखा नाही. खुद्द छेत्रीनेही ती गंभीरपणे घेतली नाही. तरीही ज्या प्रेक्षकाला परदेशी नावांचेच आकर्षण होते, त्याला त्याच्याच भाषेत मिळालेले हे उत्तर होते.

येथे खेळाडूंच्या मूळ गावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. छेत्रीचा जन्म सिकंदराबादचा. थापा डेहराडूनचा, अनस केरळातील मलप्पुरमचा, जेजे मिझोरामचा, उदांता मणिपूरचा, झिंगन चंदीगडचा. मुंबईकराला ज्यांत आपल्या गल्लीचा वा आपल्या शाळेचा मुलगा दिसावा, अशी ही नावे नव्हती. फुटबॉलच्या प्रेक्षकाचे प्रेम बहुधा जवळच्या गोष्टीवर बसते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा वा दिलबहार तालमीच्या संघाचा सामना असला की पेठा ओस पडतात आणि सज्जे भरतात. त्यासाठी कोणाला विनंती करावी लागत नाही, कारण तेथे प्रेक्षक हा त्या तालमीचाच, त्या पेठेचाच असतो. अंधेरीस तसे काही नव्हते. विविध भाषांच्या, विविध प्रांतांतून येऊन वसलेल्या उपनगरवासीयांना एकत्र आणील असा संघ एकच असू शकत होता, आणि तो म्हणजे देशाचा.

६. कारणमीमांसा

पहिल्या सामन्यास ओस असलेले प्रेक्षागार पुढे भरले, याची कारणे कोणती? एक स्पष्टीकरण असे दिले जाते की अंतिम सामना रविवारी होता. परंतु तिकिटे प्रथम संपली ती ४ जूनच्या सामन्याची, आणि तो सोमवारी, भर पावसात झाला. सुटीचे कारण तेथे लागू पडत नाही. दुसरे स्पष्टीकरण विजयाचे. लोक विजयी संघाकडे धावतात हे खरे. पण ७ जूनच्या पराभवानंतरही अंतिम सामन्याची गर्दी ओसरली नाही. यास्तव विजय हेही पुरेसे कारण ठरत नाही. शंभराव्या सामन्याचे निमित्त एका दिवसापुरते होते.

उरते ते कर्णधाराचे आवाहन. तेच निकटचे कारण होय, याविषयी फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. परंतु निकटचे कारण आणि मूळ कारण यांत भेद केला पाहिजे. तेच आवाहन तीस वर्षांपूर्वी कूपरेजसाठी केले असते, तर बोरिवलीचा तरुण कामाच्या दिवशी तेथे पोहोचला असता का, याची शंकाच आहे. २०१८ मध्ये तो पोहोचू शकला, कारण मैदान त्याच्या वाटेवर आले होते. लोहमार्ग व मेट्रो होती. मुंबई सिटीच्या सामन्यांमुळे त्या प्रेक्षागाराची वाट दोन हंगामांत अनेकांना ठाऊक झाली होती. आणि २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लू पिलग्रिम्स’सारख्या समर्थक मंडळांनी निळे कपडे, ढोल व घोषणा यांची रीत पाडली होती. आवाहनाने ठिणगी पडली. लाकूड आधीच रचलेले होते. ते रचण्यात महासंघापेक्षा नगराच्या वाढीचा वाटा मोठा होता.

याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. इतकी अनुकूलता असूनही १ जूनला अडीच हजारच लोक आले होते. म्हणजे साधने असणे हे पुरेसे नसते; कोणीतरी बोलवावे लागते. जुन्या कूपरेजच्या प्रेक्षकाला कोणी बोलवीत नसे. स्पर्धेचे दिवस त्याला पाठ असत आणि संघ त्याच्या कारखान्याचे, बँकेचे वा मोहल्ल्याचे असत. सवयीने जमणारा समुदाय आणि विनंतीने जमणारा समुदाय यांत हा मूलभूत भेद आहे. पहिला न बोलाविता येतो. दुसरा प्रत्येक वेळी बोलवावा लागतो.

७. उत्तरकाल

अंतिम सामन्याचे फळ संघाला मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात भारताने थायलंडचा ४–१ असा पराभव केला. पुढे अमिरातींकडून ०–२ आणि बहारीनकडून अखेरच्या क्षणांतील पेनल्टीने ०–१ अशी हार झाल्याने बाद फेरी हुकली व प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी पद सोडले. तरी थायलंडवरील विजयाचे बळ अंधेरीतील दहा दिवसांत मिळविलेले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

उपनगराला मात्र त्या प्रमाणात फळ मिळाले नाही. आंतरखंडीय चषकाची पुढील स्पर्धा २०१९ मध्ये अहमदाबादेस झाली, २०२३ ची भुवनेश्वरला आणि २०२४ ची हैदराबादला. २०२३ मध्ये भारताने लेबनॉनला २–० असे हरवून चषक पुन्हा मिळविला आणि छेत्रीने तेथेही गोल केला. पण ते मैदान ओडिशातील होते. २०२२ च्या आरंभी महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रात भरला व अंधेरी हे त्याच्या तीन मैदानांपैकी एक होते. साथरोगाच्या सावटाखाली झालेल्या त्या स्पर्धेत भारतीय संघातील अनेक खेळाडू बाधित झाल्या आणि चिनी तैपेईविरुद्धचा सामना खेळण्याइतका संघच न उरल्याने भारताला स्पर्धेबाहेर पडावे लागले. त्या स्पर्धेचा चीन व दक्षिण कोरिया यांच्यातील अंतिम सामना नवी मुंबईस झाला. २०१८ मध्ये अंधेरीस प्रसंग आणि प्रेक्षक यांची जी गाठ पडली होती, ती त्या वेळी तशी पडू शकली नाही.

मुंबई सिटीने पुढे २०२०–२१ व २०२३–२४ मध्ये इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविले. या विजयांचे दोन्ही अंतिम सामने मुंबईबाहेर झाले, हा योगायोग असला तरी बोलका आहे. मुंबईचे संघ जिंकतात. अंतिम सामने मुंबईस क्वचित येतात.

८. समारोप

या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु स्पष्ट आहे. १० जून २०१८ च्या सामन्याने भारतीय फुटबॉलची पातळी सिद्ध केली असे मानणे अतिशयोक्तीचे होईल. प्रतिस्पर्धी संघ पूर्ण बळाचे नव्हते आणि भारताच्या अकरा गोलांपैकी आठ एकाच खेळाडूचे असावेत ही सुदृढतेची खूण नव्हे. त्या खेळाडूनंतर काय, हा प्रश्न त्याच वेळी दिसत होता. २०२४ च्या जूनमध्ये कोलकात्यास निवृत्तीचा सामना खेळलेल्या छेत्रीला पुढील वर्षी पुन्हा राष्ट्रीय संघात यावे लागले, यातच त्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही हे दिसते.

या सामन्याने जे सिद्ध केले ते वेगळे आहे. मुंबईत फुटबॉलला प्रेक्षक नाही, हा समज कूपरेजच्या ऱ्हासापासून रूढ झाला होता. प्रेक्षक नाहीसा झाला नव्हता. तो शहराबरोबर उत्तरेस सरकला होता आणि त्याला त्याच्या नव्या घराजवळ कोणी बोलाविले नव्हते. अंधेरीस दहा दिवस ते घडले, आणि मैदान भरले. त्यापुढे नियमाने वर्षानुवर्षे सामने झाले असते तर विनंतीचे रूपांतर सवयीत झाले असते. तसे झाले नाही. रोव्हर्स चषकाने कूपरेजला प्रेक्षक दिला तो एका अंतिम सामन्याने नव्हे, तर दरवर्षी येणाऱ्या अंतिम सामन्यांनी. अंधेरीच्या वाट्याला असा सामना एकदाच आला. त्या रात्री शेवटची शिटी झाल्यावर खेळाडू प्रेक्षकांसमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा एकच ठेका धरला गेला. त्यानंतर लोक आझादनगरच्या जिन्याकडे आणि अंधेरी स्थानकाकडे निघाले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, विरार अशा दिशांना पांगलेला तो समुदाय पुन्हा एकत्र येईल की नाही, हे त्याला पुन्हा बोलाविण्यावरच अवलंबून राहिले.